एका हातानं उघडणारा चाकू

कमलनगरच्या बाजारात गुरुशांतप्पाचं लोखंडी सामानाचं दुकान आहे. विळे, खुरपी, कुऱ्हाडीचे दांडे, कासरे, घमेली, कुलपं असं सगळं दाराबाहेरपर्यंत लटकलेलं, आणि फळीखाली काचेच्या पेटीत चाकू. बाजारच्या दिवशी दुपारी निंगप्पा तिथं आला. फळीपाशी न जाता तो दाराशी ठेवलेल्या पेंडीच्या पोत्यांजवळ थांबला आणि निम्म्यावर आलेलं एक पोतं बोटानं दाखवून म्हणाला,

"हे उचलू का?"

"बर्री निंगप्पा, या की," गुरुशांतप्पा म्हणाला. "पेंड पायजे व्हय? म्हैस तर इकलाव म्हणं."

"पेंड नको. चाकू बघायचाय."

"मग पोतं कामून?"

"डाव्या हातात धरायला."

बाकड्यावर तंबाखू मळत दोघं बसले होते, ते हसले. गुरुशांतप्पाही हसला. "चाकूला पोतं उचलायलाव, विळा घ्यायला आलाव की म्हैस उचलून दावताव का काय? पर ती तर इकून बसलाव!"

निंगप्पा हसला नाही. त्यानं खाली वाकून पोत्याला डावा हात घातला, छातीशी घट्ट धरून उभा राहिला. पोतं खाली सरकू बघत होतं, म्हणून त्यानं एक गुडघा पुढं घेतला. मानेची शीर ताठ झाली. उजवा हात मोकळा ठेवून तो म्हणाला, "आता काढा."

गुरुशांतप्पानं पेटी उघडली. पहिला चाकू काढला तो नेहमीचा, लाकडी मुठीचा, पात्यावर नखासाठी खाच असलेला. तो त्यानं निंगप्पाच्या हातात दिला नाही. फळीवर ठेवला आणि हात मागं घेतला. मग निंगप्पानं उचलला. आपल्याकडं चाकू, विळा, सुरी कुणी कुणाच्या हातात देत नाही. द्यायचा असला की खाली ठेवायचा, घेणाऱ्यानं उचलून घ्यायचा. हातोहात दिला की दोघांत भांडण लागतं म्हणतात. गुरुशांतप्पानं आयुष्यात हजारानं चाकू विकले असतील, पण कुणाच्या हातात एकही दिला नसेल.

निंगप्पानं अंगठ्याचं नख खाचेत अडकवलं. मूठ धरायला दुसरा हात नव्हता. चाकू नुसता तळव्यातच फिरत राहिला. मांडीला दाबून बघितला, पोत्याला टेकवून बघितला. पातं बोटभर वर आलं आणि पुन्हा मिटलं.

"दातानं उघडा की काका," बाकड्यावरचा एकजण म्हणाला.

निंगप्पानं वर बघितलं. त्याचा वरचा पुढचा दात निम्म्यातून तुटलेला होता. बोलणाऱ्याला काही कळलं नाही, पण गुरुशांतप्पाचं हसू तिथंच विरलं.

"गप बस की रे," तो बाकड्याकडं न बघता म्हणाला. "तंबाखू खा तुझी तू."

*

निंगप्पा पन्नाशीचा गडी. वाडीला रान म्हणायला दीड एकर. पेरणी-खुरपणीला दुसऱ्याच्या रानात, आणि मळणीचे दिवस आले की अंकुशरावाच्या मशीनवर. अंकुशरावाचा ट्रॅक्टर, त्याच्यामागं जोडलेलं मळणीयंत्र, आणि त्या यंत्राच्या तोंडात पेंढ्यांचा घास घालणारा निंगप्पा. सोळा वर्षं. घास किती घालायचा, कधी थांबायचं, पट्टा कधी सैल झालाय, हे त्याला आवाजावरनं कळायचं. या सोळा वर्षांत त्याच्या बोटाला खरचटलंसुद्धा नव्हतं, आणि गावात त्याचं तेवढं नाव होतं.

दुसरं नाव होतं चाकूचं. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी हुमनाबादच्या जत्रेत घेतलेला, शिंगाच्या मुठीचा, मिटला की बोटाएवढा. तो घ्यायला त्यानं अख्खी दुपार घालवली होती. बायको कलाबाई पोरीला काखेत घेऊन उन्हात उभी, आणि हा एकेक पातं नखावर घासून बघतोय. "बायको बघायला आलावता तवा इतकं बघितलं न्हाईव मला," ती म्हणाली होती. तो चाकू मग बंडीच्या खिशातून कधी बाहेर राहिलाच नाही. पोत्याची सुतळी त्यानंच कापायची, पायातला काटा त्यानंच काढायचा, बांधावर बसून कांदा त्यानंच चिरायचा. शेळी अडली तेव्हा करडाची नाळ त्यानंच कापलेली. रानात कुणाला काही कापायचं झालं की हाक यायची, "निंगप्पा, चाकू!" निंगप्पा चाकू काढायचा, दगडावर ठेवायचा, मागणारा उचलायचा.

पुढं वापरून वापरून त्याचा खिळा सैल झाला. एकदा ट्रॅक्टरवरनं उतरताना तो खिशातच उघडला आणि बरगडीखाली चार टाके पडले. दुसऱ्याच बाजारी कलाबाई तो चाकू कनवटीला बांधून लोहाराकडं गेली आणि खिळा ठोकून घेऊन आली. इतका ठोकून, की दोन्ही हातांची नखं लावून जोर केल्याशिवाय पातं हलेना. घरी येऊन तिनं चाकू त्याच्यापुढं ठेवला. "आता उघडून दावा," म्हणाली. निंगप्पा दोन्ही हातांनी झटतोय, कानापर्यंत लाल झालाय, आणि ती पदर तोंडाला लावून हसतेय. "आता मेला तरी उघडत न्हाई खिशात," म्हणाली. निंगप्पालाही ते पटलं होतं.

मागच्या सोयाबीनच्या मळणीला मशीन माळावरच्या रानात लावलेलं होतं. ट्रॅक्टर आणि मशीन यांच्यामध्ये फिरणारा जो लोखंडी दांडा असतो, त्याच्यावर पत्र्याचं झाकण असतं. ते मोडलं होतं. नवं बसवू बसवू म्हणत हंगाम उभा राहिला होता. त्या दांड्याच्या जवळ कुणी जायचं नाही, हे निंगप्पाच सगळ्यांना ओरडून सांगायचा. पण त्या दिवशी वारा सुटला होता. भुसकट गोळा करत कलाबाई वाकली आणि पदर उडाला.

ड्रायव्हरनं मशीन लगेच बंद केलं. लगेच म्हणजे जेवढ्यात माणसाचा हात कळीपर्यंत जातो तेवढ्यात. तोवर पदराचे तीन वेढे दांड्यावर बसले होते आणि उरलेलं लुगडं कलाबाईच्या गळ्याभोवती दोरीसारखं पिळलं गेलं होतं. निंगप्पानं मशीनवरनं उडी टाकली. डावा हात तिच्या काखेत घालून तिला वर उचलून धरलं, गळ्यावरचा ताण कमी व्हावा म्हणून. हात काढला असता तर ती पुन्हा लोंबली असती. उजव्या हातानं खिशातला चाकू काढला.

खाचेत नख लावलं. मूठ धरायला हात नव्हता. दातात पातं धरून मूठ ओढली. खिळा हलेना. पुन्हा ओढली. तोंडात काहीतरी कडकन मोडलं आणि रक्त आलं, पातं तसंच मिटलेलं. मग तो ओरडला, "इळा आण! इळा!"

पेंढ्यांच्या ढिगापाशी पोरगी होती. शैलश्री, एकोणीस वर्षांची. विळा तिच्या हातातच होता. ती वाऱ्यासारखी पळत आली, आणि बापापासून दोन पावलांवर थांबून तिनं विळा खाली, भुसकटावर ठेवला. ठेवला आणि हात मागं घेतला. लहानपणापासून आईनं शिकवलं होतं तसा.

निंगप्पाला वाकता येत नव्हतं.

"हातात दे की गं!" तो ओरडला, आणि पुढं एक शिवी घातली. ती शिवी त्यानं कधी बैलालाही घातली नव्हती. पोरीनं विळा पुन्हा उचलला, त्याच्या हातात दिला. त्यानं लुगडं कापलं. कलाबाई त्याच्या अंगावर आली ती सगळी जडच आली.

तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टरनं त्याला एकट्याला बाजूला घेतलं. म्हणाला, पहिल्या हिसड्यातच मानेचं हाड गेलं होतं, तुम्ही लगेच कापलं असतं तरी काही झालं नसतं. निंगप्पानं मान हलवली. डॉक्टर हे सगळ्यांनाच सांगत असतील असं त्याला वाटलं. त्यानं ही गोष्ट कुणालाच सांगितली नाही. शैलश्रीलाही नाही.

*

"हा बघा," गुरुशांतप्पा आता वेगळ्या आवाजात बोलत होता. त्यानं आतल्या कप्प्यातनं एक चाकू काढून फळीवर ठेवला. "खटक्याचा हाय. बटन दाबलं की उघडतंय. म्या सगळ्याला दावत न्हाई, पोलीस इचारतेत."

निंगप्पानं बटन दाबलं. पातं सापासारखं बाहेर आलं. बाकड्यावरच्या दोघांनी तंबाखू मळायची थांबवली. निंगप्पानं तो मिटला, बंडीच्या खिशात टाकला, पोतं सरळ केलं, खाली बसला, पुन्हा उठला. खिशातनं खट्ट आवाज आला आणि बंडीला टोक टेकलं.

"ह्यो न्हाई," तो म्हणाला. "एक बार झालंय तसं."

"मग ह्यो." काळ्या लोखंडाचा, पात्याच्या बुडाशी एक बारीक खुंटी असलेला. "अंगठ्यानं खुंटी ढकला."

निंगप्पानं ढकलली. पातं अर्धवर्तुळ फिरून जागच्या जागी अडकलं. एका हातानं. त्यानं मिटवला, पुन्हा उघडला. पुन्हा. पाचव्या वेळी हाताला घाम होता तरी उघडला. पातं लांब, टोकाला सुईसारखं.

"आनि ह्यो येक," गुरुशांतप्पानं तिसरा ठेवला. "उदगीरच्या यापाऱ्यानं दिलेला, कोण घेत न्हाई. वाकडं पातं हाय, कांदाबी कापत न्हाई नीट." पातं कोंबड्याच्या नखीसारखं आत वळलेलं, धार आतल्या बाजूला, टोक बोथट. पात्याच्या अंगाला एक भोक होतं, अंगठा त्यात घालून ढकलायचं.

निंगप्पानं पोतं खाली ठेवलं. हाताला कळ लागली होती. दोन्ही चाकू फळीवर शेजारी शेजारी ठेवून तो बघत राहिला.

"कशाला पायजे, ते म्हायीत हाय मला," गुरुशांतप्पा हळू म्हणाला. "मशीनवर जायलाव का फिरून?"

"अंकुशराव आलते. दुसरा माणूस मिळत न्हाई म्हणतेत. सोयाबीन वाळून चाललंय."

"आनि पोरगी?"

"ती परवा जायलीय. तिचा मामा येतोय कलबुर्गीहून, शिवशंकरप्पा. तिथं कॉलेजात नाव घालतो म्हणतोय."

"बरं हाय की मग."

"बरं हाय," निंगप्पा म्हणाला. मामानं फोनवर विचारायच्या आत ती हो म्हणाली होती. ती एकदा गेली की परत येणार नाही, हे निंगप्पाला कळत होतं. वर्षभर ती त्याच्याशी तीनच वाक्यं बोलली होती. जेवण वाढलंय. पाणी आलंय. कोण आलंय बघा. आणि त्याच्याकडून त्या शिवीनंतर काही बोलणं झालंच नव्हतं.

"दोन्ही न्या," गुरुशांतप्पा म्हणाला. "घरी बघा. नको आसंल ते पुढल्या बाजारी आणून द्या."

*

दिवस अजून वर होता. शैलश्री ओसरीत सूप घेऊन तुरीची डाळ पाखडत होती. भिंतीशी तिची पिशवी भरून ठेवलेली, परवा जायचं तरी आजच.

त्या वर्षभरात तिनं विळीला हात लावला नव्हता. विळी चुलीमागं उभी, पातं गंजून तांबडं पडलेलं. भाजी ती हातानं तोडायची. शेंगा मोडायची. वांगं, भोपळा घरात येतच नव्हता. कांदा पाट्यावर ठेवून बुक्कीनं फोडायची. निंगप्पानं हे बघितलं होतं, आणि काही न बोलता तो फुटलेला कांदा भाकरीशी खाल्ला होता.

तो सरळ गोठ्यात गेला. गोठा रिकामा, मधोमध छपराला टेकू दिलेली लाकडाची मेढ. खांद्यावरचं फडकं, दस्ती, त्यानं मेढीच्या गळ्याला गुंडाळली, एक काठी घालून पिळत पिळत इतकी आवळली की बोट आत जाईना. मग भुशाचं पोतं डाव्या हातानं छातीशी धरलं. उजव्या हातानं खुंटीचा चाकू काढला.

पातं झटक्यात उघडलं. टोक दस्तीखाली घालायला गेला तर ते लाकडात रुतलं. ओढलं, पुन्हा घातलं, पुन्हा रुतलं. दस्ती कापली, पण मेढीवर बोटभर खोल, पांढरी चीर पडली. निंगप्पा त्या चिरेकडं बघत राहिला.

पोतं खाली ठेवून दस्तीचा उरलेला तुकडा त्यानं पुन्हा पिळून बांधला, पोतं परत छातीशी घेतलं. वाकड्या पात्याचा चाकू काढला. भोकात अंगठा, पातं बाहेर. बोथट टोक लाकडावरनं घसरत दस्तीखाली गेलं, आणि त्यानं हात आपल्याकडं ओढला. दस्ती कापली गेली. लाकडावर काही उमटलं नाही.

"ती मेढ म्हंजी आई व्हय?"

शैलश्री गोठ्याच्या दारात उभी होती. किती वेळ उभी होती कोण जाणे. निंगप्पाच्या हातनं पोतं खाली सुटलं.

"मशीनवर जायचं हाय," तो म्हणाला. "म्हणून बघायलोय."

"जुना कुठं हाय?"

"कुठला?"

"तुमचा. जो उघडला न्हाई."

तो कोनाड्यात होता. वर्षभर कुणी हात न लावलेला, वर धूळ. निंगप्पानं तो काढला, बंडीला पुसला, तिच्यापाशी आला, आणि वाकून तिच्यापुढं जमिनीवर ठेवला. ठेवला आणि हात मागं घेतला.

मग त्याला दिसलं आपण काय केलं ते.

तीही चाकूकडंच बघत होती. चाकू दोघांच्या मध्ये शेणानं सारवलेल्या भुईवर पडलेला. निंगप्पाचा हात अजून अर्धवट मागं होता. वर्षभर रोज, जेवताना, झोपताना, त्याच्या डोळ्यांपुढं पोरीचा तो हात यायचा, विळा खाली ठेवणारा. आणि आत्ता इथं घाई नव्हती, कुणी ओरडत नव्हतं, कुणी मरत नव्हतं, तरी त्याच्या हातानं तेच केलं होतं. त्याला न विचारता.

"हातात द्या," शैलश्री म्हणाली.

तो खाली बसला. उचलायला त्याला दोन वेळा हात घालावा लागला. उचलून त्यानं चाकू तिच्यापुढं धरला.

"भांडण लागतंय म्हणं," ती म्हणाली. हात पुढं केला नाही.

"लागू दी," निंगप्पा म्हणाला. "भांडायला तरी बोलावं लागतंय."

तिनं चाकू घेतला. त्याच्या तळव्यातनं तिच्या तळव्यात. दोन्ही हातांची नखं लावून उघडू लागली. पातं हललं नाही.

"इतका घट्ट कामून?"

"आईनं तुझ्या ठोकून आणलता. मला टाके पडले तवा." त्यानं खिळा बोटानं दाखवला. "खिशात उघडू न्हाई म्हणून."

हे तिला माहीत नव्हतं. निंगप्पाला वाटलं आता थांबावं. पण वर्षभराचं तुंबलेलं आता थांबेना.

"आणि डाक्टर म्हणला, पैल्याच हिसड्याला मान गेलती. इळा आदी मिळाला आसता तरी काय व्हणार नव्हतं."

शैलश्रीनं मान वर केली. "कवा म्हणला?"

"त्याच दिवशी."

"त्याच दिवशी," ती म्हणाली. आवाज बारीक होता, मग बारीक राहिला नाही. "वरीस झालं अप्पा! वरीसभर म्या कांदा बुक्कीनं फोडायलेय! रोज सपनात इळा खाली ठिवायलेय! आणि तुमाला म्हायीत व्हतं? समोर बसून भाकर खायलाव, आणि म्हायीत व्हतं?"

"मला खरं वाटलं न्हाई."

"तुमाला न्हाई वाटलं! मला तर सांगायचं! मला वाटू द्यायचं व्हतं की!"

निंगप्पा मेढीला टेकला. खोटं बोलावंसं वाटलं, पण तोंडात आलं नाही. "खरं आसतं तर," तो म्हणाला, "मग कुणाचंच काय चुकलं नसतं. ते मला झेपलं नसतं. कुणावर तरी..."

"माज्यावर."

"व्हय," निंगप्पा म्हणाला. "तुज्यावर."

मग तिनं तोंड सोडलं. त्या घरात कलाबाईनंही कधी इतकं तोंड सोडलं नव्हतं. ती शिवी तिनं त्याला जशीच्या तशी ऐकवली, त्यानं ज्या आवाजात घातली होती त्याच आवाजात. झाकण मोडलंय हे ठाऊक असून मशीनवर का चढलात, विचारलं. आईला भुसकटापाशी कुणी लावलं, विचारलं. पुढं पुढं तर चाकूवरून निघून कुठल्याकुठं गेली, सातवीत असताना महिनाभर शाळा का बुडवायला लावली होती इथपर्यंत. निंगप्पा एकेकाला उत्तर देत होता, चुकीचं, तोकडं, पण देत होता. शेजारची सोजराबाई धावत आली. भिंतीपलीकडं उभी राहून ऐकत राहिली, मग आत न येताच माघारी गेली. जाताना घरातल्यांना म्हणाली, "भांडायलेत बाप-लेक. भांडू द्या."

त्या दिवशी दोघंही जेवले नाहीत.

सकाळी शैलश्रीनं चुलीमागची विळी काढली. विटकरीच्या तुकड्यानं गंज घासला. शेजारनं चार वांगी आणून चिरली. फोडी लहानमोठ्या पडल्या, एक बोट कापलं, तिनं त्यावर हळद दाबली. निंगप्पानं भाजी खाल्ली. भाजीत मीठ जास्त होतं.

ती राहील असं निंगप्पाला त्या दुपारी क्षणभर वाटलं होतं. ती राहिली नाही. दुसऱ्या दिवशी शिवशंकरप्पा जीप घेऊन आला, चहा पिला, आणि ती पिशवी घेऊन मागं बसली. जुना चाकू तिनं कापलेल्या दस्तीच्या तुकड्यात बांधून पिशवीत ठेवला होता. न उघडणारा चाकू कशाला नेतेस, हे निंगप्पानं विचारलं नाही. जीप सुटताना तिनं मान बाहेर काढली.

"झाकण बसवल्याबिगर चढू नका मशीनवर," ती म्हणाली. या म्हणाली नाही, येते म्हणाली नाही.

*

मशीन त्याच माळावर लागलं होतं. निंगप्पा बांधावर बसून राहिला. अंकुशराव दोनदा येऊन गेला, तिसऱ्यांदा चिडून आला.

"सूर्य डोस्क्यावर आलाय निंगप्पा. काय मुहूर्त बघायलास का?"

"झाकण."

"बसवू की सांजच्याला."

"सांजच्याला चढतो मग."

अंकुशरावानं त्याच्याकडं बघितलं, पायाखालच्या भुईकडं बघितलं. ती जागा त्यालाही ठाऊक होती. मग त्यानं मोटारसायकलला लाथ मारली, आणि दोन तासांनी पत्र्याचं नवं झाकण मांडीवर धरून परत आला. निंगप्पानं ते स्वतःच्या हातानं दांड्यावर बसवलं, चारी नट आवळले, हलवून बघितलं. बायांना ओळीनं उभं करून पदर कमरेला खोचायला लावले, वर सुतळी बांधायला लावली. बाया कुरकुरल्या, पण बांधलं.

वाकड्या पात्याचा चाकू बंडीच्या उजव्या खिशात होता. खुंटीचा त्यानं गुरुशांतप्पाला परत करायला बाजूला काढला होता.

सोजराबाई सुतळीचं रीळ घेऊन आली. "चाकू दी निंगप्पा, सुतळी तोडायची हाय."

त्यानं अंगठ्यानं पातं उघडलं आणि मूठ तिच्याकडं करून धरला. तिनं हात मागं घेतला. "खाली ठिव की."

"हातात घी."

"आरं भांडण लागतंय! येड लागलंय का काय तुला?"

"लागू दी."

सोजराबाईनं त्याच्या तोंडाकडं बघितलं. मग पदराला हात पुसून चाकू घेतला, सुतळी तोडली, आणि परत देताना तिचा हात भुईकडं निघाला होता तो मध्येच थांबला. तिनं मूठ त्याच्या हातात दिली.

मशीन सुरू झालं. निंगप्पा वर चढून घास घालू लागला. पट्ट्याचा आवाज नीट होता, दाणे खाली पोत्यात पडत होते, भुसकटाचा धुरळा त्याच माळावर त्याच बाजूला उडत होता. त्याचा डावा हात पेंढ्या घेत होता. उजवा हात दोन घासांमध्ये खिशात जात होता.

घरी आल्यावर हात धुताना पाणी झोंबलं, तेव्हा त्यानं बघितलं. उजव्या अंगठ्याचं कातडं सोलून निघालं होतं. दिवसभरात चाकू कितीदा उघडला आणि कितीदा मिटला, ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.